वरातीला सरावलेले जंगली घोडे

उमरग्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा बेडूक चिरण्यापलीकडं माझं संशोधन गेलेलं नव्हतं. त्यात एका परदेशी मासिकात वाचलं की तिकडं आदिवासींच्या जमिनीवर मोकाट घोडे फिरतात आणि ते मोजायला चक्क अनुदान मिळतं. मी चपापलोच. बेंबळीजवळच्या माळावर पारध्यांच्या काही घरांना सरकारनं जमीन दिली होती, आणि दुष्काळात लोकांनी सोडून दिलेले घोडे त्याच माळावर ठाण मांडून होते. आदिवासी होते, घोडे होते, कमी होतं ते अनुदान.

मी अर्ज ठोकला. त्या हाडकुळ्या तट्टांना त्यात ‘दख्खनचे जंगली अश्व’ म्हटलं. दिल्लीच्या मंडळात घोडा पाहिलेलं कुणी नसावं, कारण अनुदान मंजूर झालं. अट एकच, घोडे बेवारशी हवेत.

टोपी आणि दुर्बीण घेऊन मी माळावर उतरलो. पहिल्याच घरात एक म्हातारी राहायची. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावावरच्या रानात तिची ज्वारी उभी होती, हुरड्याला आलेली, आणि घोडे रोज पहाटे येऊन तिचा एकेक पट्टा साफ करत होते. कोंडवाड्यावाला म्हणायचा, आधी मालक दाखव. मालक भरपाईच्या धाकानं ओळख द्यायला तयार नव्हते. पुढच्या पंधरवड्यात घोडे हलले नाहीत तर तिच्या वाट्याला नुसती धाटं उरणार होती.

मी घोडे मोजायला आलोय म्हटल्यावर तिनं बाज टाकली, कोरा चहा दिला.

“सुटले म्हनायचं, मास्तर. मोजलं की नेत्यात.”

मला काही कळेना. तेव्हा ती म्हणाली, “आमाला फौजदार मोजतो न्हवं? मोजलं की एखाद्याला नेतोच.”

आपण फक्त मोजतो, नेत नाही, हे मी तिला सांगणार होतो. पण चहा चांगला होता.

मोजणी काही जमेना. घोडे ओढ्यातल्या बाभळींत शिरायचे आणि दर वेळी वेगळाच आकडा यायचा. एकदा तर वाढलेल्या आकड्यात एक गाढव निघालं. मग मी शास्त्रीय तोड काढली. तेरखेड्याहून पिशवीभर फटाके आणले. ओढ्याच्या तोंडाशी फटाक्यांची माळ लावायची, घोडे घाबरून दुसऱ्या अंगानं उघड्यावर पळणार आणि तिथं धोंड्यावर बसून मी ते एका दमात मोजणार. म्हातारीनं हौसेनं वात पेटवली.

फटाके वाजले. मी दुर्बीण रोखून बसलो. माझ्याकडं एकही घोडा आला नाही. मागं वळून बघतो तर सगळे फटाक्यांच्या दिशेनं निघालेले, तेही रांगेत. पुढच्या पांढऱ्या घोडीनं मान वाकवली आणि पुढचे दोन्ही पाय उचलून ताल धरला.

म्हातारी मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. दुष्काळात वराती बंद पडल्या तेव्हा मालकांनी सोडलेली ही लग्नातली जनावरं होती. माझ्या जंगली अश्वांनी माझ्यापेक्षा जास्त लग्नं पाहिली होती.

हसणं आवरल्यावर ती म्हणाली, “आलेत तसं वाजवतच गावात न्यायचं ह्यास्नी.”

तिनं बेंबळीहून हलगीवाला बोलावला. हलगी कडाडली, घोडे सावरून उभे राहिले, पण पांढरी जागची हलेना. हलगीवाल्यानं तिच्या रिकाम्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पाठीवर नवरदेव नसताना ती कधी निघालीच नसणार. तिथल्या माणसांत बिनलग्नाचा मी एकटा, आणि डोक्यावर टोपीही होती.

अशा रीतीनं भर दुपारी, गळ्यात दुर्बीण घालून, माझी वरात बेंबळीत शिरली. बायका दारात आल्या. एकीनं ओवाळलंसुद्धा. नवरी कुठली, असं जो तो विचारी आणि म्हातारी सांगे की दिल्लीची हाय. वाटेत एकेक घोडा आपापल्या जुन्या दारापुढं थांबत गेला. माझी पांढरी एका चिरेबंदी घरापुढं थांबली. मालक बाहेर येऊन, ही आपली नव्हेच, असं सगळ्या गावाला ऐकवायला लागला. घोडीनं त्याच्या खांद्यावर मान टाकली.

“घ्या बांधून,” म्हातारी म्हणाली. “न्हायतर नवरदेव बी हितंच ठिवून जाते.”

त्यानं एकदा माझ्याकडं नीट बघितलं आणि मुकाट्यानं दावं आणलं.

चार दिवसांनी तिनं मला हुरडा खायला बोलावलं. अर्धं रान गेलं होतं, अर्धं वाचलं होतं. आता माळावर बेवारशी घोडा एकही उरला नाही, तेव्हा माझं संशोधनही संपलं, असं मी तिला रडवेला होऊन सांगितलं. तिनं कणीस चोळून हुरडा माझ्या ओंजळीत घातला. मग खुशाल माझी पिशवी जवळ ओढून उरलेले फटाके बाहेर काढले.

“हे राहू द्या हितंच. कनसांवर पाखरं लई उतरत्यात.”

मला हसू आलं. पाखरंही नाचायला लागली तर काय करशील, असं मी विचारलं.

“न्हाय नाचायची,” ती म्हणाली. “पाखरास्नी कोन बोलावतंय लग्नाला?”