बाबांच्या नावाखाली लिहिलेलं
आईच्या मनगटापासून बोटांपर्यंत फोड आले होते, आणि बाबा विजेच्या किटलीची निखळलेली मूठ खिडकीच्या उजेडात धरून तपासत बसले होते. मला दोघांचाही राग आला. आईचा, कारण ती "काही नाही गं, जरासं पाणी सांडलं" म्हणत होती. बाबांचा, कारण ते म्हणत होते, "एकच स्क्रू आहे, तोही वाकडा बसवलाय."

किटली आठवड्यापूर्वीच माणिक चौकातून आणलेली. मी ती घेऊन तावातावाने दुकानात गेले, तर दुकानदार मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "गिराई होगी, बहनजी।" घरी येऊन मी जाहीर केलं की त्याच्या दुकानाबद्दल इंटरनेटवर लिहायचं, साऱ्या झाशीला कळू दे.

बाबा म्हणाले, "लिही, मी सांगतो." आमचे बाबा भुसावळहून बदली होऊन इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत यार्डात मालगाड्यांचे डबे तपासत राहिले. हातोडीने चाकावर टकटक करायची, आवाज ऐकायचा, दोष दिसला की कागदावर उतरवायचा. तो कोणामुळे झाला ते लिहायचं नाही, ते काम साहेबांचं. त्यांनी सांगितलं तेही तसंच: "हैंडल ढीला। भरी केतली उठाने पर निकल जाता है। हाथ जला। इस्तेमाल के लायक नहीं।" बस्स, एवढंच! शिवाय मला खाली त्यांचं पूर्ण नाव, निवृत्तीचा हुद्दा, पत्ता आणि बिलाचा नंबर टाकायला लावला. लोक तिथे खोटी नावं घेऊन वाट्टेल ते लिहितात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "सही नसलेला कागद कोण वाचतो?"

इतकं मिळमिळीत मला सहन होईना. बाबा उठून गेल्यावर मी मधे दोन वाक्यं घातली. दुकानदार चोर आहे. जुना माल नव्या डब्यात भरून विकतो.

तीन आठवड्यांनी दुकानदाराकडून नोटीस आली. पत्ता शोधायचे कष्टही कोणाला पडले नसतील, तो आम्हीच दिला होता. बदनामी केली, लेखी माफी मागा, भरपाई द्या, नाहीतर कोर्टात उभे राहा. बाबांनी ती उभ्यानेच दोनदा वाचली आणि मग खुर्चीत बसले. "सदतीस वर्षांत मला ठपक्याचा एक मेमो नाही मिळाला," ते म्हणाले. कोणाला सांगत होते कोण जाणे. रात्री ते जेवले नाहीत. मी जवळ जाऊन बसले आणि रडतच सांगितलं, "बाबा, तो 'चोर' शब्द मी घातलाय."

"खाली नाव कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

शेजारीच एक वकील राहतात. सकाळी त्यांनी नोटीस वाचली, किटलीचा आणि हाताचा फोटो पाहिला, डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. "बाबूजी, हैंडल निकला, हाथ जला, यह आप सौ बार लिखिए। सबूत सामने है, शिकायत करना कोई जुर्म नहीं। मगर पुराना माल भरता है, यह आपने अपनी आँख से देखा?"

"नहीं।"

"तो चोर किस बात पर लिख दिया? यही तो पकड़ा है उन्होंने। मुकदमा चला तो बरसों तारीखें पड़ेंगी।"

मी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. "मैंने लिखा है, वकील साहब। नाम मेरा है, तो लिखा मैंने है।" मी ते ऐकलं आणि मान खाली घातली. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय ते मला चाळिशीत कळलं.

ती दोन वाक्यं काढायची, बाकीचं ठेवायचं, नोटिशीला उत्तर पाठवायचं, असं ठरलं. पण बाबांना स्वतः जायचं होतं. मी स्कूटरवरून नेलं. दुकानात त्यांनी हात जोडले. ज्यांनी कधी साहेबापुढे मान तुकवली नाही ते बाबा! "भैया, चोर लिखा, वो ग़लत था। माफ़ी माँगता हूँ। हैंडल का जो लिखा है, वो रहेगा।" मग फळीवरची तसलीच एक किटली दाखवून म्हणाले, "इसमें पानी भरकर आप खुद उठाइए।"

दुकानदाराने भरली, उचलली. मूठ कुरकुरत एका बाजूला झुकली. त्याने किटली दोन्ही हातांनी खाली ठेवली. मग विचारलं, "माताजी का हाथ अब कैसा है?" आम्ही निघालो तेव्हा तो बाकीच्या किटल्या फळीवरून उतरवत होता. नोटीस मागे घेतल्याचा वकिलांना फोन आला तो दोन दिवसांनी.

परतताना गर्दी होती, गाडी हळू चालली होती. मी म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे तुम्हाला हात जोडावे लागले. मला माफ करा."

चौक ओलांडल्यावर ते मागून माझ्या कानाशी बोलले. "मी त्याच संध्याकाळी वाचलं होतं मोबाइलवर, तू काय घातलंस ते. काढून टाक म्हणून हाक मारणार होतो तुला. पण तेव्हा तुझ्या आईच्या हाताला मलम लावत होतो. ती ओठ दाबून बसली होती, हूं की चूं नाही. मला वाटलं, राहू दे. असू दे तो चोर."