गळायला हवं होतं ते पाणी

त्याचं खरं आडनाव त्याला स्वतःलाही आता सही करतानाच आठवतं. सगळे त्याला थेंबे म्हणतात. तोटी असो, टाकी असो, बेसिन असो, हा प्लंबर येऊन गेला की तिथे थेंब पडत नाही. ही त्याची ख्याती, आणि खरं सांगायचं तर हाच त्याचा आजार. लोकांकडे चहा पिताना आत कुठे ‘टप्’ झालं, तर हा कप खाली ठेवून उठतो.

त्या सकाळी बायकोने कुकरचं झाकण त्याच्या नाकासमोर धरलं.

“सेफ्टी व्हॉल्व्ह उडालाय. येताना नवा आणा.”

“नवा कशाला? आण इकडे, भोक बुजवून देतो.”

“अहो, शुद्धीवर आहात ना? वाफेला जायला वाट नको? मग काय, वरण छतावरून वाढून घ्यायचं?”

थेंबे हसायला गेला आणि त्याला एकदम दुसरंच एक भोक आठवलं.

पाच दिवसांपूर्वी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या काकूंकडे विजेवर पाणी तापवणाऱ्या शॉवरची पेटी खालून गळत होती. आत दाब वाढला की उडून पाण्याला वाट करून द्यायची, एवढ्याच कामाचं एक लहानसं बूच तिथे असतं. ते बिचारं आपलं काम करून उडालं होतं. थेंबेने गळती बुजवायच्या लुकणाच्या दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळल्या आणि भोक लिंपून टाकलं. गळती बंद! “हात आहे की जादू!” काकू म्हणाल्या, आणि हा फुगला. दाब मुळात वाढलाच का, हे बघायचं राहून गेलं. त्या पेटीखाली रोज स्टुलावर बसून काका आंघोळ करतात. त्यांचे गुडघे असे, की उठायचं झालं तर आधी अर्ज करावा लागतो.

साडेआठ वाजले होते. काकांची आंघोळीची वेळ. त्याने फोन लावला, कोणी उचलेना. काकूंना फोन आणि चष्मा कधी एकत्र सापडत नाहीत. थेंबे चप्पल न घालताच सायकलवर बसला.

“अगं बाई, इतक्या सकाळी?” काकूंनी दार उघडलं.

“काका कुठेत?”

“आंघोळीला.”

त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. आतून आरोळी आली, “अगं, गार झालं! डोळ्यात साबण आहे माझ्या!”

“काका, नळ बंद करा! पेटीखालून बाजूला व्हा आधी!”

“आता आंघोळीतही हुकूम का?”

काका अर्धे फेसात, अर्धे टॉवेलात बाहेर आले. थेंबेने शॉवरची चाळणी काढून पाहिली. क्षाराने निम्म्याहून जास्त छिद्रं बुजली होती. पाणी जाणार कुठून? दाब वाढणारच. दुकानात जाऊन त्याने नवा भाग आणला, लिंपलेला अख्खा काढून टाकला, बुचासकट नवा बसवला, चाळणी घासून लख्ख केली.

“बघा हो,” काकू काकांना म्हणाल्या, “न बोलावता आला. इतकी काळजी हल्ली पोटची पोरंसुद्धा घेत नाहीत.”

हे कौतुक गिळून घरी जाता आलं असतं. कोणाला कळणार होतं? पण ते खाली उतरेना.

“काळजी नाही, काकू. ते भोक बुजवायचं नसतं. मी बुजवलं. पेटी फुटली असती… काकांच्या डोक्यावर.”

काकूंनी पदर तोंडाला लावला.

“आता नीट झालंय?” काकांनी विचारलं.

“हो.”

“नक्की?”

“नक्की, काका.”

काकांनी दोरीवरचा कोरडा टॉवेल ओढून त्याच्या अंगावर फेकला. “मग आधी तू आंघोळ कर.”

थेंबेने मान खाली घालून मेन स्विच लावला, आत गेला आणि काकांच्या स्टुलावर बसला. पाणी छान कोमट होतं, पण त्याची नजर पेटीवरून हलेना.

“जिवंत आहेस का रे?” बाहेरून काकांनी विचारलं.

“आहे, काका.”

“मग अजून पाच मिनिटं बस.”