आठचाच असेल

नऊ मार्च. मृत : एक.

मृताचा मेहुणा ध्वनियंत्रे दुरुस्त करतो. सारे त्याला ‘ओहम’ म्हणतात, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच ताकीद देतो : “आधी बंद करा, मग स्पीकरच्या खोक्यामागची पट्टी वाचा. ओहमचा आकडा जितका लहान, तितका ॲम्पवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर, भार जास्त.”

त्या दुपारी दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, फोन आला. “गिटारच्या छोट्या ॲम्पला तुझा जुना खोका जोडतोय. पट्टी वाचायला तो वळवावा लागेल, आणि माझी कंबर तुझ्या ताईपेक्षा जास्त कुरकुरतेय. जोडू का?”

ओहम हसला. “आठचाच असेल. चालेल.”

खोका चारचा होता. ॲम्पच्या स्वतःच्या आतल्या स्पीकरसह तो भार त्याला झेपला नाही. ॲम्प तापून पेटला आणि पडद्याने आग खोलीभर नेली. दुखऱ्या कमरेमुळे दाजींना वेळेत उठता आले नाही.

“तुला विचारून जोडतो म्हणाले होते. विचारलं होतं का रे?” ताईने नंतर विचारले.

“नाही, ताई.”

तेव्हापासून ती गेलेल्या नवऱ्यालाच हलगर्जी म्हणते. तिला खरे उत्तर देणे बाकी आहे.