काचेचं एक कौल

आमचं घर विक्रोळीच्या बैठ्या चाळीतलं, आणि तेही मधलं. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे नाला म्हणून तिकडची खिडकी कायमची बंद, पुढे हातभर गल्ली. उजेड काय तो वरून. आमच्या ह्यांनी छप्पर घातलं तेव्हा ओट्याच्या वर एक काचेचं कौल बसवून घेतलं होतं. त्यातून उन्हाचा चौकोन खाली उतरतो. तो पाण्याच्या पिंपावर आला की मी भात लावायचा, ओटा ओलांडून फडताळावर गेला की चहा टाकायचा. गुडघ्यांमुळे गल्लीच्या तोंडापर्यंतही जाववत नाही, तेव्हा बाहेरचं म्हणाल तर माझ्या वाट्याला तेवढंच.

यंदा मुलाने विषय काढला. "आई, सोलरचे पत्रे टाकू या. छप्पर तेच आणि वीज बनवणारंही तेच."

खोटं कशाला बोलू, त्याचं चुकत नव्हतं. कौलं दरवर्षी पावसाआधी चाळावी लागतात. फुटकी काढा, सरकलेली बसवा. हे काम करणारे आमचे गाववाले आता मिळत नाहीत, म्हणून मुलगाच कामावर दांडी मारून चढतो. तरी पावसाळ्यात घरभर टोप मांडायचे ते मांडायचेच. पण कौलाखाली उन्हाळ्यात जीव तरी राहतो. पत्र्याखाली माणूस कसा शिजतो ते शेजारणीकडे बसून पाहिलंय मी. सोलरचा पत्रा वेगळा असतो म्हणे. असेलही.

"आणि माझं काचेचं कौल?"

"तिथे बल्ब लावू ना. फुकटातली वीज."

"म्हणजे ऊन छपरावर पडणार, आणि मी खाली भर दुपारी दिवा लावून भाजी चिरणार. झकास."

सून हसली. "आई, तुमची काच तरी आता कुठे उजेड देतेय? रोज म्हणता, पुसा."

तेही खरंच. चौकोन हल्ली चहापर्यंत टिकायचाच नाही. पलीकडे टॉवरचं काम चाललंय, सिमेंट उडतं, त्याचाच थर बसत असेल असं मी धरून चालले. शिडी लावून लावून मुलगा कंटाळला. मग म्हटलं मोतीबिंदू असेल, तर मुलाचा हात धरून कशीबशी डोळेही दाखवून आले. डोळे ठीक निघाले.

सोलरवाला आला आणि वर चढला. मी ओट्याशी उभी राहून देवाला सांगत होते, ह्याचं काही जमू देऊ नकोस.

तो उतरला, हात झटकत म्हणाला, "काकी, नाही परवडणार. दुपारपासूनच त्या टॉवरची सावली पडते छपरावर. अजून मजले चढायचेत. मग तर ऊन विसराच."

सून म्हणाली, "घ्या, जिंकलात तुम्ही."

मी वर काचेकडे बघितलं, मग खाली. चौकोन ओट्याच्या कडेला होता, आणि बघता बघता विझला.

"शिडी लावलेलीच आहे, पुसून येऊ का काच?" मुलाने विचारलं.

"राहू दे रे. स्वच्छच आहे ती."

संध्याकाळी त्याने ओट्यावर बल्ब लावून दिला. चहा आता मी घड्याळ बघून टाकते. भात मात्र अजून चौकोनावरच लावते. पिंपापर्यंत तरी येतो तो.