कन्येच्या परीक्षेसाठी रुग्ण हवा

वाचनालयाच्या फलकासमोर थबकलेल्या सुज्ञ वाचकहो, अस्मादिक आज सकाळपासून रुग्णशय्येवर आहेत. व्याधी काहीही नाही.

आमची कन्या सुमन परिचारिका-विद्यालयाच्या अंतिम परीक्षेस दुसऱ्यांदा बसत आहे. गेल्या खेपेस ती प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण झाली. वृद्ध रुग्णास "कुशीवर वळा" असे सांगण्याऐवजी तिने त्यांना मुकाट्याने स्वतःच वळवले. वडीलधाऱ्यांस आज्ञा करू नये, हा संस्कार अर्थातच माझा. याही वेळी तसेच घडले, तर शिक्षण संपले.

म्हणून माझ्या अंगाखालची चादर बदलण्याचा अभ्यास आज आरंभला. आठ वेळा सुमन चादर हाती घेऊन, मान खाली घालून नुसती उभी राहिली.

"तोंड उघड न पोरी," स्वयंपाकघरातून सौभाग्यवती वदल्या. "पंचवीस वर्षं झाले, मी सांगूनच राह्यली. काही झालं का त्यायले?"

नवव्या वेळी माझा पृष्ठवंश शरणागती पत्करीत असता क्षीण स्वर आला, "बाबा, त्या कुशीवर व्हा. भेऊ नका, मी धरलं हाये."

मी निमूट वळलो. चादरीस एकही सुरकुती पडली नाही. कन्येचे डोळे मात्र भरले होते, आणि माझे केवळ श्रमाने मिटले होते, असे शपथेवर सांगणार नाही.

परंतु परीक्षेत रुग्ण अपरिचित असेल. तेव्हा आपणांपैकी कोणी हट्टी, वयोवृद्ध सद्गृहस्थ उद्या सायंकाळी तिची आज्ञा ऐकण्यास येतील काय? पलंग माझाच आहे. मी अत्यानंदाने उठेन.