कुठल्या खोलीत?

"भाऊसाहेब, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या की." एवढं म्हणून वकीलबाई दाराकडे हात करायच्या आणि भाऊसाहेब चपला घालून बाहेर पडेपर्यंत तो हात खाली येत नसे.

सोलापुरात आमच्या गल्लीत, दोन घरं सोडून त्या राहायच्या. पुढची खोली हेच ऑफिस. मृत्युपत्रं, वाटण्या, वारसनोंदी हे त्यांचं काम. बहिणीनं बापाच्या इस्टेटीतला वाटा भावासाठी सोडून द्यायचा, ती हक्कसोडपत्रं तुम्हीही घरोघरी पाहिली असतील. बहीण मान खाली घालून सही करते आणि भाऊ साडी घेतो. बाईंकडे मात्र भावाला बाहेर पाठवल्याशिवाय बहिणीच्या हाती पेन मिळत नसे.

घरची भाषा कानडी. आलेल्याला "बर्री, कुंद्री" म्हणून बसवायच्या आणि पुढं फाडफाड मराठी. एकदा मंगळवेढ्याचे एक आजोबा मृत्युपत्र करायला आले. सगळं काही पोरांना.

"आणि आजी?"

"ती ऱ्हाईल की पोरांकडं."

"राहील. पण कुठल्या खोलीत?"

आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सैपाकघराला लागून एक हाय. पर तितं ज्वारीची पोती असत्यात."

"मग आधी पोती हलवा. नंतर लिहू."

आजोबा खरंच परत गेले आणि पोती हलवूनच आले. बाईंनी ती खोली आजींना हयातभर राहायला लिहून दिली.

घर वारशानं आलं तर कर किती, म्हणून लोक घाबरून विचारायचे. "नुसतं मिळालं तर सरकारला काही द्यायचं नाही. विकलं तर बघू," बाई म्हणायच्या. "घरच्यांचा रुसवा तेवढा भरावा लागतो." आलेलं गिऱ्हाईक असं हसत परत पाठवणारा वकील मी तरी दुसरा पाहिला नाही.

माझे वडील गेले तेव्हा माझ्यावरही सहीची वेळ आली. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, वडिलांचं सगळं मीच केलं. मृत्युपत्र त्यांनी केलं नव्हतं. दादा पुण्यात. माळशिरसकडचं शेत आणि इथलं घर, दोन्ही विकून टाकायचं त्याच्या मनात होतं. मी सही द्यायला तयार होते. आई-वडील नाहीत, आता दादाही तुटला तर माझं म्हणायला कोण उरलं असतं?

बाईंनी दादाला चहाला पाठवलं. "घर विकलं की तू कुठल्या खोलीत?"

"बघीन कुठंतरी भाड्यानं. सही नाही दिली तर दादा यायचा बंद होईल, बाई."

"होईल. पण पुन्हा यावंसं वाटलं, तर त्याला यायला घर तर असू दे की."

मी रडले. त्यांनी थांबवलं नाही. दादा आत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "हिची सही आज व्हायची नाही." पुढची सगळी बोलणी त्यांनीच केली. शेत दादाला, घर मला, अशी वाटणी नोंदली गेली. दादा माझ्याकडे न बघता गाडीत बसला.

तीन दिवाळ्या तो आला नाही. भाऊबीजेला बाई मला जेवायला बोलवायच्या, शेंगांच्या पोळ्या करायच्या आणि विषय काढायच्या नाहीत. मला कधीकधी त्यांचा रागही यायचा. पोळ्या मात्र मी पोटभर खायचे.

गेल्या उन्हाळ्यात बाई झोपेतच गेल्या. बंगळूरहून मुलगा आला आणि सगळं आवरून घर बंद करून गेला.

यंदा भाऊबीजेच्या सकाळी दादा दारात उभा. मागे वहिनी, मुलं.

"राहू का गं दोन दिवस?"

ज्या घरात तो रांगला, त्याच घरात येण्यासाठी तो मला विचारत होता. मी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

त्याला ओवाळलं, जेवणं झाली. दादा वडिलांच्या पलंगावर आडवा होऊन घोरायला लागला, आणि मी सवयीनं फराळाचं ताट झाकून बाईंकडे निघाले. दाराला कुलूप होतं. ताट तसंच हातात धरून मी पायरीशी उभी राहिले.

"बाई, आला हो," मी म्हणाले.