सोहेर आणि नाताळ

मला बोलायची हौस होती, हे आधीच कबूल केलेलं बरं. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मी खेडला शाळेत मास्तर होतो. गावात आमची ख्रिस्ती घरं आठ-दहाच, त्यामुळे कायमचे पाळक नव्हते. पाळकसाहेब महिन्यातून एकदा एसटीने यायचे आणि उरलेल्या रविवारी उपासना मी घ्यायचो. नाताळात त्यांना मोठ्या गावच्या मंडळीकडे जावं लागे, म्हणून नाताळचं प्रवचनही माझ्याच वाट्याला यायचं. वाट्याला कसलं, मी त्यावर टपून बसलेला असायचो. नोव्हेंबरातच कोरी वही काढून ‘देव माणूस झाला’ या विषयावर लिहायला लागायचो, आणि असे जड शब्द योजायचो की आमच्या म्हाताऱ्या बायका शेवटी जोरात ‘आमेन’ म्हणत, ते बहुधा संपलं म्हणून.

त्या वर्षी वहीत एक अडचण आली. आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर शिमग्यात आपल्या वाडीच्या नमन-खेळ्यांत राजाचं सोंग घ्यायचे. एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, “तुमचा देव माणूस झाला म्हणता, तो खराच झाला की आमच्यासारखं सोंग घेतलं? मी राजा होतो तेव्हा आतून मला ठाऊक असतं, की मुकुट उतरवून घरी जाऊन पेज प्यायची आहे. त्यालाही ठाऊक असेलच की, हे चार दिवसांचं आहे म्हणून.”

मी तीन मुद्द्यांत उत्तर दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही.” मला राग आला. त्या रागात मी वहीची आणखी चार पानं भरली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी बायको बाळंत झाली. दिवस भरायला अजून दीड महिना होता. मुलगा झाला, रडला, पण त्याचं रडणं पडवीतून ऐकायला कान द्यावा लागत होता. डॉक्टर येऊन बघून गेले. अशा बाळांना ठेवायची काचेची पेटी मुंबईत, आणि कशेडीचा घाट चढून जाण्याइतकी त्याच्यात ताकद नाही, असं ते म्हणाले. ऊब द्या, चमच्याने थेंब थेंब दूध घाला, प्रार्थना करा. त्यातलं शेवटचं मला फार पटलं, कारण त्यात हात लावावा लागत नव्हता.

हात का लावायचा नव्हता, तर सोहेर. बाळंतपण झालेल्या घरात पाळतात तो विटाळ. माझे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा देव्हारा गेला, शेंडी गेली, सोहेर मात्र आजीच्या पदराला धरून घरातच राहिलं. माझी आई त्याला सोहेर म्हणत नसे, ‘आपल्या घरची पद्धत’ म्हणत असे. बारा दिवस बापाने बाळाला घ्यायचं नाही. उपासनेत मी असल्या चालींवर कोरडे ओढायचो. आता मात्र मी बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहायचो, ‘कसा आहे?’ विचारायचो आणि पडवीत येऊन वही उघडायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिसऱ्या दिवशी बायकोला ताप भरला. डॉक्टरांनी बाळाला तिच्यापासून वेगळं ठेवायला सांगितलं. माझ्या आईला दमा, ती खोकत खोकत दूध गाळायची. बाळ सुपात, पिंजलेल्या कापसात होतं, आणि त्याचं सगळं बघत होती ती आमची सुईण. शेजारच्या वाडीतली कुणब्याची म्हातारी, तळहाताची कातडी अगदी पातळ झालेली. सगळा गाव तिला आजी म्हणायचा. संध्याकाळी ती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“मास्तरानू, तुमी हितं काय करताव?”

“नाताळचं लिहितोय, आजी.”

“प्वार थंड पडतंय. कापसानं काय व्हत न्हाय त्येला. सदरा काडा नि छातीशी घ्या.”

“अजून बारा दिवस पुरे व्हायचेत,” मी म्हणालो.

ती स्वतः सोहेर कडक पाळणारी. आमच्याकडून गेली की घरी दारातच अंगावर पाणी घ्यायची आणि मगच चुलीपाशी जायची. “सोहेर आमच्यात,” ती म्हणाली. “तुमच्यात न्हाय ना? माज्या सुनंला तुमीच सांगत व्हताव, द्येवाला इटाळ न्हाय म्हनून.”

आता खरं बोलणं भाग होतं. मला विटाळाची भीती नव्हती, त्या मुलाचीच भीती वाटत होती. तो राहणार नाही असं माझ्या मनाने पहिल्याच दिवशी धरलं होतं. एकदा हातात घेतला, की जाताना तो माझं काळीज घेऊन जाणार. न घेतला तर ते एक दुःखद वर्तमान राहील, बायकोला धीर द्यायचा आणि पुढे चालायचं. एवढा हिशेबी मी होतो. मी म्हटलं, “आजी, तो जगायचा नाही.”

“मंग? जगनार न्हाय त्येला ऊब नको काय? कोन जगनाराय हितं, तुमी का मी?”

मी सदरा काढला. तिने त्याला सुपातून उचलून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून आईचं जुनं लुगडं घट्ट गुंडाळलं. सोललेल्या नारळाएवढा होता तो. पाय तर इतके गार, की माझ्या अंगावर काटा आला. थोड्या वेळाने त्याने तोंड इकडेतिकडे केलं आणि माझ्यावर मुतला. म्हातारी खूश झाली. मला आधी हसू आलं आणि मग रडू. ते बराच वेळ थांबेना. आई दारात उभी होती. तिने पुढे होऊन दिवा जवळ आणून ठेवला.

त्यानंतर मी शाळेत रजा टाकली. तासन्‌तास त्याला छातीवर घेऊन भिंतीला टेकून बसायचो. पाठ मोडून यायची. वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, बोललो की तो दचकायचा. मला गप्प बसवायला एवढंसं पोर लागलं. तसा गप्प बसलेला असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी इतकी वर्षं प्रवचनं करून आली नव्हती. माझ्या प्रवचनांत थंडी कधी नव्हतीच. मी देवाचं वैभव सांगायचो, नम्रता सांगायचो, पण तो असा झाला हे कधी मनात आणलं नव्हतं. मान न धरता येणारा. कोणीतरी छातीशी धरलं नसतं तर गार पडला असता असा. त्याने आपली ऊब दुसऱ्याच्या हाती दिली. आणि तीही कोणाच्या, तर गोठ्यात आसरा घेतलेल्या एका पोरसवदा आईच्या. ती झोपून गेली असती तर? या विचाराने मला अक्षरशः धडकी भरली. मी आजवर देवाबद्दल आदर बाळगला होता, काळजी कधी वाटली नव्हती. आता वाटली.

नाताळच्या सकाळी मी उपासनेला गेलो नाही. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी शास्त्रपाठ वाचला, गाणी झाली, आणि लोक लवकर सुटले. इतका सुटसुटीत नाताळ आजवर झाला नव्हता, असं नंतर कानावर आलं. दुपारी चित्रकलेचे मास्तर घरी केलेले तांदळाचे लाडू घेऊन आले. लुगडं गुंडाळून बसलेला माझा अवतार बघून हसले नाहीत. मी हळू आवाजात म्हटलं, “तुम्ही विचारलं होतंत ना, तो खराच झाला असणार. सोंगाला थंडी वाजत नाही.” बाळाच्या डोक्यावरून दोन बोटं फिरवून ते गेले.

बायकोचा ताप उतरला, मग आम्ही आळीपाळीने त्याला घेऊ लागलो. दूध चार चमच्यांवर गेलं. मी मनातल्या मनात त्याला शाळेतसुद्धा घातलं होतं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी तो माझ्याजवळ असताना त्याचा श्वास अडखळला, पुन्हा सुरू झाला, आणि थांबला. मी बायकोला हाक मारली. तिने त्याला घेतलं आणि कितीतरी वेळ पाजण्यासारखं धरून ठेवलं. सुईणीने रोजच्यासारखंच पाणी कोमट केलं, तेल लावलं आणि त्याला आंघोळ घातली. पाणी मी ओतलं.

जांभ्या दगडात खड्डा खणायला फार वेळ लागला. पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली. लोकांनी सांत्वन केलं, की त्याचा आत्मा देवाजवळ गेला, देवाचंच होतं, देवाने नेलं. हेच शब्द मी दुसऱ्यांच्या पोरांच्या मातीला म्हटले होते. त्या दिवशी ते माझ्याच वाट्याला आले आणि मला संताप आला. मला त्याचा आत्मा नको होता. मला तो हवा होता, मुतणारा, दचकणारा, अंगाला दुधाचा वास येणारा. आणि मग वाटलं, आमच्या धर्माची आशा तर नेमकी हीच आहे. देवाने शरीर घेतलं, ते मेलं, पुरलं, आणि त्याने ते टाकून दिलं नाही. तेच घेऊन तो उठला. सोंग असतं तर उतरवून गेला असता. ज्याला शरीर एवढं मोलाचं वाटलं, तो एकोणीस दिवसांचं शरीर विसरेल असं मला वाटत नाही. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण यावर मी इतकी वर्षं जगलो आहे.

महिन्या-दीड महिन्याने एका सकाळी पडवीत तांदूळ निवडता निवडता बायकोने विचारलं, “शेवटच्या दिवशी सगळे उठतील म्हणतोस, तेव्हा तो आपल्याला ओळखेल? त्याने डोळे उघडून आपल्याकडे नीट बघितलंही नव्हतं.”

प्रत्येक प्रश्नाचं तीन मुद्द्यांत उत्तर असलेला मी, तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.

“तोंड नाही ओळखणार,” मी शेवटी म्हटलं, “छाती ओळखेल.”

तिने सूप खाली ठेवलं. बाळ गेल्यापासून ती रडली नव्हती. त्या सकाळी ती माझ्याजवळ सरकली, कान माझ्या सदऱ्याला लावला आणि पोटभर रडली.